आई-बाबांना घेऊन ब्रोकन हिल की कूबर पेडी? सल्ला हवा आहे

चंद्रपूरची_लेक

नमस्कार मंडळी,
ॲडलेडला येऊन चार वर्षं झाली, पण आउटबॅक म्हणतात तो आतला ओसाड मुलूख अजून पाहिलेला नाही. जुलैत आई-बाबा येताहेत. बाबांची अख्खी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत गेली, ओव्हरमन (खाणीतले पर्यवेक्षक) म्हणून रिटायर झाले. त्यांना समुद्र दाखवा, पेंग्विन दाखवा, "हो, छान आहे" म्हणून घड्याळ बघतात. खाण दाखवली तर माणूस खुलेल असं वाटतंय.

हाताशी चार दिवस. गाडी साधी सेडान, चालवणारी मी एकटीच. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. नवरा म्हणतो कूबर पेडी, कारण जमिनीखालच्या हॉटेलात राहायला मिळतं. ऑफिसातली मंडळी म्हणतात ब्रोकन हिल. दोन्हीकडे जाऊन आलेलं कोणी आहे का इथे?

---

पायाला_भिंगरी

दोन्ही झालंय, कूबर पेडी तर दोनदा. तुमच्या अटी वाचून सरळ सांगतो, ब्रोकन हिल.

आधी अंतर बघा. ॲडलेड ते कूबर पेडी साधारण ८४५ किमी, ब्रोकन हिल ५१५. एकटीने गाडी हाणायची आणि चारच दिवस, म्हणजे कूबर पेडीचे जाता-येता दोन दिवस स्टीअरिंगवरच गेले. ब्रोकन हिलला पहाटे निघालात तर दुपारी पोचता. वाटेत बर्राला थांबा. ही १८४५ सालची तांब्याची खाण. घरं नव्हती म्हणून खाणकामगारांनी ओढ्याच्या काठात बिळं खोदून संसार थाटले होते, त्यातली एक-दोन अजून बघायला मिळतात. चहा, डबा, पाय मोकळे, पुढे चला. वाटेतल्या युंटा गावात पेट्रोल भरून घ्या, लागो न लागो. त्यापुढे नुसती क्षितिजं.

एक नियम मात्र पाळा. सूर्य कलायच्या आत गाडी लावलेली असली पाहिजे. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि उडी कुठल्या बाजूला मारायची ते त्यांचंच ठरलेलं नसतं. एमू त्याहून येडे.

---

ओपलवेडी

भिंगरीदादा, निषेध!

कूबर पेडीसारखं गाव जगात दुसरं नाही हो. निम्मं गाव जमिनीखाली राहतं. वर ४५ अंश असो नाहीतर रात्रीची थंडी, आत वर्षभर २३-२५. भिंतीवर खोदयंत्राच्या दातांच्या गोल गोल खुणा, दिवा मालवला की मिट्ट काळोख. आपल्याकडची लेणी बघितलेल्या माणसाला तिथलं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च ओळखीचं वाटतं. १९९३ मध्ये खडकातच कोरलंय. भिंतीतले संत बघून मला वेरूळ आठवलं होतं (कारागिरी तेवढी नाही, पण भाव तोच). शिवाय ब्रेकअवेजचे रंगीत डोंगर, हजारो किलोमीटर लांबीचं, डिंगो या रानटी कुत्र्यांना अडवणारं कुंपण, गवताचं पातं नसलेलं गोल्फ मैदान! १९१५ मध्ये सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या १४ वर्षांच्या पोराला, विली हचिसनला, ओपल हे रत्न सापडलं आणि हे सगळं उभं राहिलं.

आईंसाठी शुक्राची अंगठी करायची असेल तर तिथेच घ्या. फक्त "सॉलिड", म्हणजे अख्खं ओपल, म्हणून मागा. डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला, आणि ट्रिप्लेट म्हणजे त्यावर आणखी काचेची नाहीतर स्फटिकाची टोपी. दिसायला झकास, पण पाणी शिरलं की धुरकट होतात. आपले ज्योतिषी तर खडा बोटाला टेकला पाहिजे म्हणतात, मग ट्रिप्लेट घेऊन काय उपयोग? एकाच दुकानातून ३०० डॉलरच्या वर खरेदी झाली तर पावती जपा, साठ दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर जीएसटी परत मिळतो.

---

पायाला_भिंगरी

ओपलताई, गाव अफलातून आहे, वाद नाही. पण तिथलं खाणकाम म्हणजे जुगार. दोघं-चौघं मिळून भोक पाडतात, नशीब असेल तर रंग दिसतो, नाहीतर पुढचं भोक. काकांनी शिफ्ट, हजेरी, युनियन, अपघात हे सगळं आयुष्यभर पाहिलंय. त्यांचं गाव ब्रोकन हिलच.

तिथे पहिल्यांदा जा लाइन ऑफ लोडवर. शहराच्या मधोमध खाणीच्या मातीचा काळा ढिगारा आहे, त्याच्यावर गंजक्या लाल पोलादाचं खाणकामगारांचं स्मारक. २००१ मध्ये उभं राहिलं. आत आठशेहून जास्त नावं आहेत. नाव, आणि माणूस कशाने गेला ते. दरड अंगावर, शाफ्टमध्ये पडून, शिशाची विषबाधा. मी दहा मिनिटांत बघून निघू म्हणून गेलो आणि तासभर हललो नाही. मध्यंतरी ते बरेच दिवस बंद होतं, तेव्हा गावातल्या पर्यटन केंद्रात विचारून वर चढा. शेजारी अवाढव्य लाल बाकडं आहे, त्यावर बसून आई-बाबांचा फोटो काढा, दोघं चार-पाच वर्षांच्या पोरांएवढी दिसतील.

दुसरं, डेड्रीम माइन. सिल्व्हरटन गावाच्या वाटेवरून आत वळायचं. १८८० च्या दशकातली चांदीची खाण, हेल्मेट आणि दिवा लावून खाली नेतात. बुटका बोगदा, उंच-सखल पायऱ्या, वाकून चालायचं. आईंना नेऊ नका. वर चहाची जागा आहे, जॅम-क्रीमचे स्कोन मिळतात, त्या तिथे मजेत बसतील. वळल्यानंतरचा रस्ता कच्चा आहे. कोरडा असेल तर सेडान जाते, पाऊस झाला असेल तर आधी फोन करा.

---

गारगोटी

भूगर्भशास्त्र शिकवून पोट भरतो, म्हणून थोडं पाल्हाळ.

ब्रोकन हिलचा "मोडका डोंगर" आता नाही. खणून खाल्ला. १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्टने या तुटक रांगेची नोंद केली, पण त्याच्या पायाखाली काय आहे ते कळायला १८८३ उजाडलं. माउंट गिप्स नावाच्या मेंढ्यांच्या वाडीवर कुंपणाची राखण करणारा चार्ल्स रास्प, त्याला काळा जड दगड दिसला आणि वाटलं कथील. सात जणांनी पैसे घालून हक्क नोंदवले. निघालं काय, तर चांदी, शिसं आणि जस्त, जगातल्या सगळ्यात श्रीमंत साठ्यांपैकी एक. बुमरँगसारखा वाकलेला, सातेक किलोमीटर लांब, वय सुमारे १७० कोटी वर्षं. १८८५ मध्ये त्यातूनच ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी निघाली. आजची बलाढ्य खाणकंपनी बीएचपी ती हीच. स्वतः कंपनीने १९३९ मध्ये इथून गाशा गुंडाळला, नाव मात्र घेऊन गेली. खाणकाम इतर कंपन्यांनी चालू ठेवलं.

गावात फिरताना पाट्या वाचा. अर्जेंट स्ट्रीट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड. पत्ता विचारला की रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा.

आणि बाबांना एक सांगा. त्यांनी आयुष्यभर काढलेला कोळसा जेव्हा साचत होता, तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूखंडाचे तुकडे होते. त्या भूखंडाचं नाव गोंडवन. म्हणजे गोंड राजांच्या चांद्याकडचंच (चंद्रपूरकडचंच) नाव की. न्यू साउथ वेल्समधला हंटर खोऱ्यातला कोळसा त्यांच्या कोळशाचा चुलतभाऊ लागतो.

---

सिडनीकर_अण्णा

गारगोटी सर, सुंदर.

माझ्याकडून दोन गोष्टी. उत्तर भागात गंजक्या रंगाच्या पत्र्याची एक बुटकी मशीद आहे, उंटवाल्यांनी १८८० च्या दशकात बांधलेली. यांना सरसकट "अफगाण" म्हणत, पण त्यातले कितीतरी पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले. रेल्वे नव्हती तेव्हा या मुलखाचं सामान त्यांच्या उंटांवर चाले. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा मोजक्याच, आधी चौकशी करा.

दुसरं, ट्रेड्स हॉल, म्हणजे कामगार संघटनांची इमारत. सल्फाइड आणि ब्लेंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. १९१९-२० मध्ये इथे दीड वर्ष संप चालला आणि कामगारांनी आठवड्याला ३५ तास पदरात पाडून घेतले. शंभर वर्षांपूर्वी! काका युनियनमध्ये होते का?

सिडनीहून येणाऱ्यांसाठी: गाव न्यू साउथ वेल्सचं, घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं, अर्धा तास मागे. सिडनीहून आठवड्यातून एकच साधी रेल्वेगाडी, सोमवारी सकाळी निघते, अख्खा दिवस खाते. मी गेलोय. पुस्तक न्या, पाठीला उशी न्या.

---

चंद्रपूरची_लेक

बापरे, एका दिवसात एवढं! ब्रोकन हिल नक्की करतेय, नवऱ्याची समजूत काढते. अण्णा, युनियनमध्ये होते म्हणजे काय, आमच्या लहानपणी संप म्हटलं की आई डाळ-तांदूळ मोजायला बसायची.

आईचं काय करू? एक दिवस बाबांचा झाला, दुसऱ्या दिवशी तिला कंटाळा येऊ नये. आणि जेवण?

---

तिखटमीठ

जेवणाची जबाबदारी माझ्यावर.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बाकी चिंता सोडा. कोल्स, वुलवर्थ्स ही मोठी किराणा दुकानं दोन्ही आहेत गावात, डाळ-भात-भाजी आरामात होते. बाहेर शाकाहारी म्हणजे चिप्स, चीज टोस्टी, फार तर भाजीची पेस्टी. आई दोन दिवसांत वैतागतील. छोटा कुकर न्या.

पण परतताना मी जो गाढवपणा केला तो करू नका. उरलेले टोमॅटो, हिरव्या मिरच्या, दोन लिंबं डिकीत टाकून निघाले. ॲडलेडच्या वाटेवर ओडला विराला फळमाशीचा नाका लागतो, ताजी फळं-भाज्या घेऊन पुढे जाता येत नाही. पाट्या मैलभर आधीपासून होत्या, मी गाण्यात गुंग. सगळं टाकावं लागलं आणि वर बोलणी खाल्ली. चूक माझीच. तेव्हा शेवटच्या दिवशी उरलेल्या भाज्यांचं पिठलं-भाजी-कोशिंबीर काहीही करा, पण संपवा.

आईंसाठी: फ्लाइंग डॉक्टरचा तळ. दोन-दोनशे किलोमीटरवरच्या वाड्यांना विमानाने डॉक्टर पोचतो, तिथे छान दाखवतात. माझ्या सासूबाई सगळ्यात जास्त तिथे रमल्या. दुसरं, प्रो हार्टचं चित्रदालन. हा बाबा आधी खाणीत काम करायचा, मग नामांकित चित्रकार झाला. त्याने रंगवलेली रोल्स रॉइस आहे तिथे!

सूर्यास्त लिव्हिंग डेझर्टच्या टेकडीवर. १९९३ मध्ये देशोदेशीच्या कलाकारांनी तिथे बसून वालुकाश्मात बारा शिल्पं कोरली. गाडी बरीच वर जाते, चढण थोडीच. स्वेटर-कानटोपी न्या, जुलैत ऊन गेलं की दात वाजतात.

---

पायाला_भिंगरी

सिल्व्हरटन राहिलं. २५ किमीवर. एके काळी तीन हजारांची वस्ती, आता बोटावर मोजण्याएवढी माणसं आणि रस्त्यावर गाढवं. मॅड मॅक्स २ इथेच चित्रित झाला, त्याचं संग्रहालय आहे. सिनेमा पाहिला नसेल तर ते वगळा, सरळ पुढे मुंडी मुंडीच्या टोकावर जा. समोर इतकं सपाट की नजर अडत नाही कुठेच. फोनला टेल्स्ट्रा कंपनीचं सिम घाला. मेनिंडीची तळी ११० किमीवर आहेत, चार दिवसांत कोंबू नका.

---

हळूच_बघते

वाचनमात्र होते, पण गाढवं ऐकून राहवलं नाही. खिडकी बंद ठेवा. आत तोंड घालतात.

---

चंद्रपूरची_लेक

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला, आई-बाबांना सोडून आत्ता घरी आले.

डेड्रीमला गाईड तरुण होता. खाली एका वळणावर बाबा थांबले, वर हात लावला, मग माझ्या हातातल्या छत्रीच्या मुठीने छताला दोन-तीनदा ठोकून कान लावला. गाईड बघतच राहिला. मी सांगितलं की हे खाणीत छत तपासायचे. त्यावर त्याने बाबांनाच विचारलं, काय ऐकता? बाबा म्हणाले, "सांग त्याले, छत पहिले बोलते, मग पडते. हे चांगलं बोलून राहिलं." मी भाषांतर केलं. मग दोघं पुढे चालले आणि मी भाषांतर करत मागे. बाकीची माणसं आमच्यासाठी थांबली, कोणी कुरकुरलं नाही.

स्मारक उघडं होतं. बाबांनी नावं वाचली नाहीत, कारणं वाचली. प्रत्येकासमोर बोट ठेवून मला अर्थ विचारायचे. खडक पडून म्हटलं की मान हलवायचे. शिशाचं मात्र त्यांना नवीन होतं, त्यावर गाडीत बराच वेळ बोलत होते.

आईला फ्लाइंग डॉक्टर आवडलं, तिखटमीठताई. स्कोनबद्दल तिचं मत: "आपली नानकटाई बरी." गाढवाने खिडकीत तोंड घातलं, बाबांच्या हातातला पराठा गेला. टोमॅटो संपवून निघालो.

ओपलताई, अंगठी राहिली. आईने जाताना आठवण करून दिलीये.

---

ओपलवेडी

मग सप्टेंबरच्या सुट्टीत निघा कूबर पेडीला. वाटेत पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करा, एका दमात जाऊ नका. ग्लेनडॅम्बोला टाकी भरा, त्यानंतर अडीचशे किलोमीटर पंप नाही. आणि गावाबाहेर फोटो काढताना उलट पावली चालू नका, उघडी भोकं आहेत सगळीकडे. आईंच्या बोटाचं माप घेऊन ठेवलंय ना?

---

चंद्रपूरची_लेक

नाही घेतलं. थांबा, फोन लावते.