थिबा राजवाडा नीट बघायचा आहे, मदत हवी आहे

आईला घेऊन रत्नागिरीला जातोय. 1885 मध्ये ब्रिटिशांनी पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी हा राजवाडा 1910 च्या सुमारास बांधला. 1916 मध्ये राजा तिथंच वारला. घाईनं फोटो काढून परतायचं नाहीये. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि लाकडावरचं कोरीवकाम, सगळं सावकाश पाहायचंय. कोकणच्या पावसात एवढं लाकूडकाम टिकलं, याचं मला फार अप्रूप आहे.

सध्या वरच्या मजल्यावर सोडतात का? जिना आईच्या गुडघ्यांना झेपेल का? बांधकामाची खरी माहिती असलेलं कुणी स्थानिक दाखवायला मिळेल का? आतलं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं, तेही कृपया सांगा.