१९७५ च्या पद्मिनीच्या काचेवर वॉशरचे पाणी येत नाही: पंप बदलावा की आणखी काही?

टिळकवाडीकर:

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या घरी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेल्यानंतर ती कित्येक वर्षे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या उन्हाळ्यात इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची कामे करून घेतली आणि आता गाडी चांगली चालते. घोडे अडले आहे ते समोरच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरपाशी.

श्रावणात गोव्याला जाताना चोर्ला घाटात पुढच्या ट्रकने उडवलेला तांबडा चिखल काचेवर बसला. पाऊस नेमका थांबलेला होता, त्यामुळे वायपर लावताच तो चिखल काचभर सारवल्यासारखा पसरला आणि पुढचे वळण दिसेनासे झाले. गाडी कडेला घेऊन पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतले तेव्हा कुठे काच मोकळी झाली. तेव्हापासून हे काम मनावर घेतले आहे.

माझ्या गाडीतील रचना हाताने चालणारी आहे. इंजिनाच्या कप्प्यात पाण्याची प्लास्टिकची पिशवी टांगलेली असून डॅशबोर्डावरील बटण दाबले की त्यामागचा छोटा पंप पाणी नोझलकडे ढकलतो. सध्या आठ-दहा वेळा बटण दाबल्यावर चालकाच्या बाजूच्या नोझलमधून थोडे पाणी ओघळते, डाव्या नोझलमधून थेंबही येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका गॅरेजमध्ये सर्व नळ्या बदलून दिल्या, तरी फरक पडला नाही. आता तेथील मिस्त्री म्हणतात की हा पंप काढून टाकावा आणि विजेच्या मोटारीवर चालणारा वॉशर बसवावा. वडिलांच्या हातची वस्तू शक्य तोवर बदलू नये असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीचा प्रवासी:

माझ्या मते मिस्त्रींचे म्हणणे ऐकावे. मोटारीचा वॉशर स्वस्त मिळतो आणि एका बोटाने चालतो. ५० वर्षांपूर्वीच्या रबरावर घाटात विसंबून राहणे मला तरी पटत नाही.

उद्यमबागचा फिटर:

टिळकवाडीकर, पंप बदलण्याची घाई करू नका. आधी एक गोष्ट तपासून सांगा, कारण तुमच्या वर्णनात तीच राहून गेली आहे: बटण दाबताना आणि सोडताना हाताला काय जाणवते?

हाताच्या पंपाचे एक बरे असते, दोष कोठे आहे ते तो स्वतःच सांगतो. बटण दाबताना घट्ट लागत असेल, तर पंपाच्या पुढे म्हणजे नोझल किंवा टी-जोड (पाणी दोन्ही नोझलकडे वाटणारा सांधा) यांपैकी काहीतरी तुंबले आहे. दाबलेले बटण सोडल्यावर रेंगाळत वर येत असेल, तर पंपाच्या मागे म्हणजे पिशवीकडून येणाऱ्या नळीत अडथळा आहे, कारण स्प्रिंग बटण वर ढकलत असते आणि आत यायला पाणी मिळत नसते. आणि बटण दोन्हीकडे अगदी हलके, झटपट चालत असूनही पाणी येत नसेल, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आहे असे समजावे. पंपाच्या मागच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण ओढताना तेथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली ओल नाही म्हणून सांधे चांगले आहेत, असा निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी लागते, याचा उलगडा आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन होईल. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत उतरू न देणारी झडप, गळका झाला की पाइपातले पाणी रातोरात विहिरीत उतरते आणि सकाळी पुन्हा पाणी भरून मोटार चालू करावी लागते. तुमच्याकडेही तेच चालले आहे. पंपातील किंवा पिशवीच्या तळाशी असलेली एकेरी झडप कचरा अडकल्याने नीट बसत नसावी. पाणी पिशवीत परत जाते, आणि पहिले आठ-दहा दाब नळीतली हवा बाहेर काढण्यातच खर्च होतात.

तपासणी अशी करावी. टी-जोडाला येणारी नळी काढून तिचे टोक बाटलीत धरावे आणि सोबतच्या माणसाला बटण दाबायला सांगावे. बाटलीत जोरदार पिचकारी पडली तर पंप निर्दोष आहे आणि दोष नोझलमध्ये आहे. तसे झाले नाही, तर पंपाची मागची नळी काढून त्या तोंडावर ओले बोट ठेवावे. बटण सोडताना बोट आत ओढले गेले पाहिजे. शेवटी, गॅरेजमध्ये नव्या नळ्या कोणत्या प्रकारच्या घातल्या ते अवश्य पाहा.

टिळकवाडीकर:

फिटरकाका, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी मुलाला बटणावर बसवून तपासणी केली. बटण दाबताना हलके आहे, मात्र सोडल्यावर फार सावकाश वर येते. बोटाला ओढ चांगली जाणवली. नळी पाहिली तेव्हा मात्र चकित झालो: दवाखान्यात सलाइनला लावतात तसली मऊ, पातळ नळी मागच्या बाजूला घातलेली आहे. बटण सोडताच ती इंजिनाजवळच्या वळणावर चपटी होते, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. डाव्या नोझलच्या तोंडाशी पांढरा खर साचलेला आहे. आमच्या बोअरचे पाणी जड आहे आणि पिशवीत मी तेच भरत होतो.

उद्यमबागचा फिटर:

मग तुमचे अर्धे काम झालेच आहे. मऊ नळी ढकलत्या पाण्याला चालते, ओढत्या पाण्याला चालत नाही. शहाळ्यातला कागदी स्ट्रॉ भिजल्यावर ओढताना जसा मिटतो, तशीच तीही मिटते. तेथे जाड भिंतीची, उष्णता सोसणारी रबरी नळी घाला. इंजिनाचा कप्पा आणि गाडीचा आतला भाग यांमधल्या पत्र्यातून ती जिथे आत येते त्या छिद्राला रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेवर बसणारी कडी) नसेल तर तो आधी बसवा, नाहीतर पत्र्याची धार नव्या नळीलाही कापेल. टोके गरम पाण्यात बुडवून मगच चढवावीत, म्हणजे घट्ट बसतात.

नोझल काढून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. पितळ असल्याने रात्रभर ठेवू नका. नंतर बारीक तार घालायची ती आतल्या बाजूने, बाहेरून घातली तर खर आणखी आत ढकलला जातो. शिवणाची सुई वापरू नये, भोक रुंद होते आणि मग फवारा उडण्याऐवजी पाणी नुसते ओघळते. दोन नोझलपैकी एक बंद असला की सगळे पाणी मोकळ्या वाटेने जाते, म्हणून तुमच्याकडे एकाच बाजूला ओघळ दिसत होता.

पंप उघडलाच तर आतले रबर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका आणि साधे ग्रीसही लावू नका. जुने नैसर्गिक रबर त्याने फुगते आणि झडप कायमची बिघडते. एरंडेल तेलाचा एक थेंब पुरतो. झडप साफ करूनही पाणी परत उतरत राहिले, तर मत्स्यालयाच्या दुकानात हवेच्या नळीसाठी मिळणारी एकेरी झडप पंप आणि टी-जोड यांच्यामध्ये, बाणाची दिशा नोझलकडे ठेवून बसवावी. दिसायला ती गाडीची वस्तू नाही, पण बॉनेटखाली कोण पाहतो?

निपाणीच्या मित्रांना एवढेच सांगतो की मोटारीच्या वॉशरमध्ये सहसा पंखा फिरवणारा पंप असतो आणि तो आत हवा असताना पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून तो टाकीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली लागतो. या गाडीतील टांगत्या पिशवीला तो तसाच वरच्या बाजूला जोडला असता, तर नवीन पंप आणूनही काच कोरडीच राहिली असती.

निपाणीचा प्रवासी:

हे मला माहीत नव्हते, माझा सल्ला मागे घेतो. एक शंका मात्र आहे. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. पंप बदलल्यास गाडी त्यातून बाद होते का?

उद्यमबागचा फिटर:

त्या नियमांतील मोठे फेरबदल म्हणजे चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल (बाहेरचा पत्र्याचा साचा) किंवा इंजिन यांतील बदल. वॉशरच्या नळीचा त्यात प्रश्नच येत नाही. मात्र ती नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना चोर्ला घाटातून गोव्याला जायचे आहे त्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

टिळकवाडीकर:

आज काम पूर्ण झाले. मागची नळी बदलली, नोझल धुतले आणि पंपाच्या झडपेत अडकलेला पिशवीच्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा निघाला, त्यामुळे मत्स्यालयाची झडप लागली नाही. पिशवीत आता बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर भरले आहे. तिसऱ्या दाबाला दोन्ही फवारे आले, मात्र डावा थेट छपरावरून पलीकडे गेला आणि मागे उभ्या असलेल्या सौभाग्यवतींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. नोझलचा रोख किती खाली आणावा?

उद्यमबागचा फिटर:

उभ्या गाडीत काचेच्या मध्याच्या थोडे वर पाणी पडेल असा ठेवा. वेगात वाऱ्याने धार खाली दबते, म्हणून आधीच खाली रोखलेला फवारा रस्त्यावर वायपरपर्यंतही पोहोचत नाही. आणि पुढच्या वेळी चाचणी घेण्यापूर्वी कुरडया उचलून ठेवा.