अनुभव धागा: टॉल्किनच्या मध्यभूमीतला दिलासा आणि श्रद्धेचे प्रश्न

दुःखात, आजारपणात किंवा देवावरचा विश्वास डळमळला असताना अनेकजण 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही टॉल्किनची, मध्यभूमी या काल्पनिक जगातली कादंबरी पुन्हा उघडतात. हा धागा त्यांच्यासाठी. 'वाचून बरं वाटलं' एवढ्यावर थांबू नका. कुठलं प्रकरण, कशासाठी आणि वाचणारा कुठे अडखळतो, ते लिहा. संदर्भ देताना खंड नको, भाग सांगा. कादंबरी एकच आहे. १९५४-५५ मध्ये ती ३ खंडांत आली, पण आतली विभागणी ६ भागांची आणि ६२ प्रकरणांची आहे. शेवटाची चर्चा होणारच, त्यामुळे वाचली नसेल तर इथेच थांबा.

*

स्वतःच्या हरण्याने खचलेल्या माणसाला एकदम अख्खी कादंबरी देऊ नका. ३ प्रकरणं सलग द्या: भाग १ मधलं २रं, भाग ४ मधलं १लं, भाग ६ मधलं ३रं. नायक फ्रोडोवर एक दुष्ट जादूची अंगठी आगीत टाकून नष्ट करायची कामगिरी आहे, आणि गॉलम हा तिच्या हव्यासाने पोखरलेला तिचा जुना धनी. पहिल्यात फ्रोडो म्हणतो, आपला नातलग बिल्बो याने गॉलमला सापडला तेव्हाच मारायला हवं होतं. जादूगार गॅन्डाल्फ त्याला दयेचं मोल सांगतो. चित्रपटात हा संवाद मोरियाच्या खाणीत आहे, पुस्तकात तो फ्रोडोच्या घरात घडतो, म्हणून पुष्कळजण भलतीकडेच शोधत बसतात. दुसऱ्या प्रकरणात गॉलम डोकं खाली करून कडा उतरतो, हाती सापडतो, आणि फ्रोडोला तोच संवाद आठवतो. तिसऱ्यात फ्रोडोचा सोबती सॅम याची पाळी. तलवार उगारलेली, समोर धुळीत पडलेला गॉलम, आणि सॅमचा हात थबकतो. अंगठी त्यानेही थोडा वेळ बाळगलेली असते. गॉलमचे हाल काय असतील याची पुसटशी कल्पना त्याला आता येते. तो गॉलमला हाकलतो, मारत नाही.

पुढे थोड्याच वेळात फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. बिल्बो, फ्रोडो, सॅम यांतल्या एकानेही गॉलमला मारलं असतं, तर अंगठी आगीत पडलीच नसती. 'मग नायक हरलाच की' इथे वाचक अडकतो. टॉल्किनने १९६३ च्या एका पत्रात याचं उत्तर दिलं आहे: अंगठीचा जोर त्या जागी एवढा होता की कुणीच टिकला नसता, आणि सगळी ताकद खर्चून मोडणं हा नैतिक पराभव नव्हे. खळांचा नाश न मागता त्यांचं वाकडेपण जावं असं मागणारं पसायदान ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना ही दया परकी वाटणार नाही.

एक खबरदारी. बिल्बोच्या दयेचा मूळ प्रसंग 'द हॉबिट' या टॉल्किनच्या आधीच्या पुस्तकाच्या ५व्या प्रकरणात आहे, पण १९५१ च्या सुधारित आवृत्तीपासून. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलमने अंगठी पैजेलाच लावलेली असते. जुन्या आवृत्तीची प्रतिकृती घेतलीत तर हा प्रसंग तिच्यात मिळणार नाही.

*

श्रद्धेबद्दल. या कथेत देऊळ नाही, पुरोहित नाही, धर्मग्रंथ नाही. टॉल्किन मात्र निष्ठावान कॅथलिक. त्याच्या आईने १९०० मध्ये हा पंथ स्वीकारला, तेव्हा नातेवाइकांनी हात आखडता घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने ती गेली आणि १२ वर्षांच्या मुलाचा पालक झाला एक पाद्री. डिसेंबर १९५३ मध्ये एका जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) मित्राला त्याने लिहिलं की ही कृती मुळातून धार्मिक आहे, आणि म्हणूनच पूजाविधी, पंथ अशा गोष्टी त्यातून काढून टाकल्या. धर्म कथेतच मुरला आहे.

मुरला म्हणजे कसा, ते भाग ४, प्रकरण ५ मध्ये पाहा. फॅरामिर या सरदाराची माणसं जेवायला बसण्याआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभी राहतात: बुडालेल्या मूळ देशाकडे, त्याच्या पलीकडे, आणि त्याच्याही पलीकडे जे कायम राहील त्याकडे. फ्रोडोला असं काही माहीत नसतं, आणि आपण अगदीच गावंढळ असल्यासारखं त्याला वाटतं. श्रद्धा सुटलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या प्रार्थनेत उभं राहताना जो अवघडलेपणा येतो, तो इथे नेमका पकडला आहे. अर्ध्या पानाचाही प्रसंग नाही, पण सावकाश वाचा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो 'गॅन्डाल्फ म्हणजे ख्रिस्त, लेंबास (प्रवासात खायची एल्फांची भाकरी) म्हणजे प्रसाद' अशा जोड्या लावण्याने. टॉल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथा आवडत नाही असं साफ लिहिलं. लावायचा तो अर्थ वाचकाने आपल्या मोकळिकीने लावावा, लेखकाने लादू नये. वारकरी असो, नास्तिक असो, प्रत्येकाचा या पुस्तकावर सारखाच हक्क आहे.

*

जवळचं माणूस गेलेल्याला 'द सिल्मरिलियन' देऊ नका. १९७७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर मुलाने संपादित करून काढलेलं ते पुस्तक थोर आहे, पण तुरिन या शापित वीराचं २१वं प्रकरण मोडलेल्या मनाला झेपत नाही. त्याऐवजी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्ट 'अ' मधली आरागॉर्न हा मानव राजा आणि त्याची एल्फ पत्नी आर्वेन यांची गोष्ट घ्या. काही पानांचीच आहे. मृत्यू ही माणसाला मिळालेली देणगी, असं टॉल्किनच्या एल्फांचं, म्हणजे म्हातारपण नसलेल्या अमर लोकांचं, तत्त्वज्ञान सांगतं. इथे प्रत्यक्ष मरण समोर आल्यावर आर्वेनला ती देणगी कडू लागते, आणि लेखक तिचं दुःख खोडून काढत नाही. ज्यांना 'देवाची इच्छा' हे शब्द ऐकवत नाहीत, त्यांना ही पानं चालतात.

आणखी खोलात जायचं असेल तर फिनरॉड हा एल्फ आणि आंद्रेथ ही मानव स्त्री यांचा मृत्यूवरचा संवाद आहे, 'मॉर्गथ्स रिंग' (१९९३) मध्ये. भाषा अवघड, टिपा भरपूर. आधी नुसता संवाद वाचा, टिपा दुसऱ्या वाचनाला ठेवा.

*

गाणी वगळून वाचणाऱ्यांनी भाग ६, प्रकरण १ मधलं सॅमचं गाणं वगळू नये. शत्रूच्या मनोऱ्यात कैद असलेला फ्रोडो सापडत नाही, सॅम हताश होऊन पायरीवर बसतो, गाऊ लागतो, आणि त्या गाण्याला क्षीण उत्तर येतं. कथानक त्या गाण्यावरच पुढे सरकतं.

जुन्या आघाताच्या तारखा ज्यांना दरवर्षी छळतात, त्यांनी शेवटची प्रकरणं तारखा टिपत वाचावीत. जखमा झाल्या तो ६ ऑक्टोबर आणि १३ मार्च. मोहीम फत्ते झाल्यावरही फ्रोडो त्याच दिवसांना आजारी पडतो. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून परतलेल्या आणि १९१६ मध्येच दोन जिवलग मित्र गमावलेल्या लेखकाने हे लिहिलं आहे.

*

कथेतली घटना ज्या तारखेला घडते त्याच तारखेला ती वाचायची असेल तर: रिव्हेंडेलहून (एल्फांच्या वस्तीहून) प्रस्थान २५ डिसेंबर, अंगठीचा नाश २५ मार्च. तारखा परिशिष्ट 'ब' मध्ये मिळतील. दोन्ही दिवस ख्रिस्ती परंपरेत मोठे, एक नाताळ, दुसरा मेरीला देवदूताने दिलेल्या वार्तेचा. पण शायरच्या, म्हणजे फ्रोडोच्या मुलखाच्या, पंचांगात प्रत्येक महिना ३० दिवसांचा, आणि वाचनाचं गणित फेब्रुवारीतच बिघडतं. ३० फेब्रुवारीला तिकडे एन्टांची (झाडांसारख्या जीवांची) सभा चालू असते, आपल्याकडे तो दिवसच नाही. ३१ जानेवारी मागे राहिलेलं वाचायला ठेवा. २९ आणि ३० फेब्रुवारीचा मजकूर १ मार्चच्या मजकुराबरोबर उरका, लीप वर्षी फक्त ३० चा. पुढे २५ मार्चपर्यंत तारखा जुळतात.