बालवर्गासाठी पदविका आधी की वर्गातले मार्गदर्शन?

प्रश्न
आमच्या संस्थेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे वर्ग चालतात. निम्म्या शिक्षिकांनी बालशिक्षणाची पदविका घेतली आहे, बाकीच्या अनुभवाच्या बळावर शिकवतात. प्रशिक्षणासाठी यंदा मिळालेली मोजकी रक्कम उरलेल्यांच्या पदविकेवर खर्च करावी, की वर्गात येऊन मार्गदर्शन करणारी जाणती व्यक्ती नेमावी, यावर आमचे एकमत होत नाही. कृपया आपले मत कळवावे.

उत्तर १
पदविकेला कमी लेखू नये. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या ‘ईपीपीई’ या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासात, जेथील कर्मचारी अधिक पात्र होते त्या केंद्रांची गुणवत्ता सरस आढळली आणि तेथील मुलांची प्रगतीही अधिक झाली.

उत्तर २
वरील मुद्दा मान्य आहे, पण तो अपुरा आहे. अमेरिकेतील सात मोठ्या अभ्यासांच्या माहितीचे जे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात शिक्षकांची पदवी आणि वर्गाची गुणवत्ता यांच्यात सातत्याने संबंध दिसला नाही. यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. त्या अभ्यासक्रमात मुलांशी प्रत्यक्ष वागण्याचा सराव किती होता, हे मात्र विचारावे लागते. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की “पुन्हा रच” असे सांगणे सोपे असते, “सगळ्यात खाली कोणता ठोकळा ठेवला होतास?” असे विचारून मूल विचार करत असताना गप्प बसणे अवघड असते, आणि ते कोणीतरी शेजारी बसून, नंतर त्याच प्रसंगावर बोलून दाखवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. आम्ही एका दिवसाच्या कार्यशाळेतून आणलेले तक्ते अजून कपाटातच आहेत!

उत्तर ३
मार्गदर्शक नेमलीत तर तिच्याकडे शिक्षिकांच्या मूल्यमापनाचे काम देऊ नका, नाहीतर तिच्यासमोर कोणी चूक करायला धजणार नाही. मदतनीसांनाही यात घ्या, कारण जेवणाच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी मुलांशी बोलणे बहुधा त्यांचेच होते. चर्चेचा तास कामाच्या वेळेतच धरा आणि तेवढ्यापुरती बदली शिक्षिका ठेवा. पदविका मिळाल्यावर वेतन वाढणार नसेल, तर शिकलेल्या शिक्षिका प्राथमिक शाळेकडे वळतात, हेही हिशेबात घ्यावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. बदली शिक्षिकेचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. तो धरून दोन वर्गांत मार्गदर्शन सुरू करता येईल आणि एका शिक्षिकेची पदविकाही होईल, असे दिसते. तसा प्रस्ताव मांडते.