वडिलांनी तोंडी ठेवलेले भाडेकरू, पावसाळ्यातील दुरुस्ती आणि कराराची भीती

प्रश्न – परसदार

रत्नागिरी शहराला लागून आमचे चिरेबंदी कौलारू घर आहे. वडिलांनी हयातीत त्याचा पूर्वेकडील भाग, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, एका कुटुंबाला भाड्याने दिला. सगळा व्यवहार तोंडी होता. करार नाही, अनामतही नाही. वडील गेल्यावर देखरेख माझ्याकडे आली आणि मी राहते डोंबिवलीला. भाडे दरमहा 4,000 रुपये आहे. घरपट्टी, विहिरीवरच्या पंपाची डागडुजी आणि मे महिन्यातील शाकारणी (छपराची कौले पुन्हा नीट बसवणे) एवढे वजा केले की हाती फारसे उरत नाही; पण घर नांदते राहते, हे आम्हां भावंडांना अधिक मोलाचे वाटते.

मंडळी सज्जन आहेत. तरीही गेल्या जुलैत माकडांनी कौले फोडली आणि मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, तेव्हा त्यांनी परस्पर माणूस बोलावून काम करून घेतले आणि तो खर्च भाड्यातून वळता केला. कोणत्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे मला त्यावर काही बोलताही आले नाही. आता लेखी करार करावा म्हटले, तर वाडीतील जाणती माणसे सांगतात की कागद केलात तर कूळ लागेल, म्हणजे भाडेकरूचा घरावर कायमचा हक्क बसेल. ही भीती कितपत खरी आहे? आणि लांब राहून दुरुस्तीचे कसे सांभाळावे?

उत्तर – दस्तलेखक, चिपळूण

ताई, ही भीती शेतजमिनीच्या इतिहासातून आलेली आहे. 1948 च्या कूळ कायद्याखाली, 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानंतर (कसणारा जमिनीचा मालक ठरण्यासाठी कायद्याने धरलेला दिवस), कोकणातील कितीतरी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या आणि ती आठवण घराघरांत टिकून आहे. परंतु तो कायदा राहत्या खोल्यांना लागू होत नाही. पथ्य एवढेच पाळावे की घराभोवतीची नारळ-सुपारीची बाग त्याच भाडेकरूंना तोंडी बोलीवर अर्धेलीने, म्हणजे निम्म्या उत्पन्नाच्या वाट्यावर, लावून देऊ नये. घराचा आणि बागेचा व्यवहार एकमेकांत मिसळला की पुढे तो सोडवणे फार जड जाते.

घरासाठी पाहायचा तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. तो राज्यातील प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही, अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू आहे. त्यामुळे आपले घर नगर परिषदेच्या हद्दीत येते की ग्रामपंचायतीच्या, हे आधी तपासून स्थानिक वकिलांना दाखवावे. जेथे तो लागू आहे तेथे कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. म्हणजे वाडीत जे सांगितले जाते त्याच्या नेमके उलट आहे. आपल्याला धोका आहे तो कागद नसण्याचा.

यापुढे लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा करार करावा, म्हणजे भाडेदारी नव्हे, तर ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. जुनी तोंडी भाडेदारी उभयतांच्या संमतीने संपली असून ही व्यवस्था नवी आहे, हे मात्र स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर नव्या कागदाचा उपयोग होणार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के एवढेच असते. आपल्या भाड्याला ते शे-दोनशे रुपयांच्या घरात जाईल. नोंदणी फी ग्रामीण भागात 500 आणि शहरी भागात 1,000 रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी रत्नागिरीला खेप घालावी लागत नाही.

आणखी एक सांगतो. वाद कितीही वाढला तरी पाणी किंवा वीज तोडू नये. कलम 29 ने त्याला मनाई आहे.

उत्तर – गुहागरचा घरमालक

भाडेकरूने खर्च वळता केला म्हणून मन दुखावून घेऊ नये. घर राहण्याजोगे ठेवणे ही याच कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आपल्या भाड्याला ही मर्यादा 12,000 रुपये येते. जुलैत गळणारे घर पंधरा दिवस थांबत नाही हेही खरे, म्हणून करारातच एक रक्कम ठरवून तिच्या आतील तातडीचे काम फोनवर कळवून करावे, अशी अट घालणे दोघांच्याही सोयीचे असते.

मी माझ्या खोल्यांचा करार 1 जून ते 30 एप्रिल असा करतो. मे महिना मोकळा मिळतो आणि त्यात शाकारणी, रंग, वाळवीचे औषध सर्व उरकते. आपल्याकडे कुटुंब राहते आहे, त्यामुळे खोल्या रिकाम्या करून घेण्याची गरज नाही. पण नव्या करारापूर्वीच्या त्या महिन्यात पाहणी आणि दुरुस्ती होईल, हे लिहून ठेवता येते. पाहणीत छपराच्या कडेची, पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ अवश्य बघावी. आंब्याचा पाला तिच्यात दाटून बसला की पाणी उलटे फिरून भिंतीच्या माथ्यावर उतरते आणि चिऱ्यात मुरत राहते. आत गिलाव्याला पोपडे धरतात तोवर श्रावण आलेला असतो आणि भर पावसात भिंत वाळवण्याचा कोणताही उपाय चालत नाही. पुष्कळदा लोक कौले बदलतात आणि ओल तशीच राहते, कारण दोष पन्हळीत असतो. खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज आणि विजेची बटणेही लवकर खराब होतात. तो खर्च मालकाचाच समजावा, भाडेकरूच्या माथी मारू नये.

उत्तर – बदलीवरची शिक्षिका

मी नोकरीमुळे आजवर अनेक गावांत भाड्याने राहिले आहे, म्हणून भाडेकरूच्या बाजूने लिहिते. मालक मुंबईला असतात याचे आम्हांला दुःख नसते. गावात निर्णय घेणारे कोणीच नसते, ही खरी अडचण असते. पंप बंद पडला की आम्ही फोन करतो, ताई भावाला विचारतात, भाऊ संध्याकाळी उत्तर देतात आणि तोवर घरात प्यायला पाणी नसते. गावातील एखाद्या विश्वासू माणसाला थोडे मानधन देऊन हे काम सोपवावे आणि त्याचे नाव करारात लिहावे. दरमहा भाड्याची पावतीही द्यावी. आम्हांला ती घरभाडे भत्त्यासाठी लागते आणि आपल्याकडेही हिशेब राहतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर – परसदार

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. घर अजून वडिलांच्याच नावे आहे आणि आम्ही तीन भावंडे आहोत. मी एकटीने करार केला तर चालेल का?

उत्तर – दस्तलेखक, चिपळूण

एकटीने करू नये, ताई. आधी वारसांची नावे घरपट्टीच्या उताऱ्यावर लावून घ्यावीत, मग तिघांनी मिळून करार करावा किंवा इतर दोघांनी आपल्याला कुलमुखत्यारपत्र द्यावे. भाडे कोणाच्या खात्यात जमा होईल हेही त्यातच लिहावे, कारण प्राप्तिकरात ते ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे दाखवायचे असते. गणपतीला तिन्ही भावंडे घरी येत असतील, तर नावे लावण्याचा अर्ज आताच देऊन ठेवा आणि सह्या त्या पाच दिवसांत उरकून घ्या.