प्लँट हेडला कोर्सला पाठवावं, की शेजारच्या फाउंड्रीत?

शिरोलीचा फाउंड्रीवाला
मोल्डिंग सुपरवायझर म्हणून लागलो, वीस वर्षांनी प्लँट हेड झालो. गेल्या वर्षी कंपनीनं पाच दिवसांच्या निवासी लीडरशिप कोर्सला पाठवलं. शिकवणारे जाणकार होते, मी मन लावून लिहूनही घेतलं. परत आलो तर ब्लो होलनं, म्हणजे ओतीव भागात वायूमुळं पडणाऱ्या पोकळ्यांनी, रिजेक्शन वाढलेलं. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त कुणामुळं झाला, यावरून मोल्डिंगवाला आणि क्वालिटीवाला एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्या दोघांना समोरासमोर कसं बसवायचं, हे वहीत कुठंच नव्हतं. आणि काय शिकून आलास, हे मालकांनीही विचारलं नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.

वरच्या माणसाला शिकवायचं तर त्याची झोप उडवणाऱ्या प्रश्नावरच शिकवा. इंग्लंडात रेग रेव्हन्स यांनी १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या मॅनेजरांना छोट्या गटांत बसवलं. व्याख्यान नाही, एकमेकांच्या अडचणी ऐकायच्या आणि प्रश्न विचारायचे. कोल्हापूरच्या आसपासच्या आपल्या औद्योगिक वसाहती, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, काय लांब आहेत? सहा प्लँट हेडनी महिन्यातून एकदा एकाच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यातच, भेटावं.

गोकुळ शिरगावकर
भावा, आपलं गिऱ्हाईक एकच. माझं रिजेक्शन तुला सांगितलं तर उद्या माझी ऑर्डर तुझ्याकडं. कोण तोंड उघडणार?

राजारामपुरीची सीए
दादा, मला हे पटत नाही. फाउंड्र्यांचं ऑडिट करते म्हणून सांगते. एका प्लँट हेडनी विक्रमी उत्पादन झालं म्हणून शॉपवर पेढे वाटले. त्याच आठवड्यात मी बघितलं तर फेटलिंगपुढं (ओतीव भाग घासून साफ करतात तिथं) न उचललेल्या कास्टिंगचे ढीग आणि बँकेतली सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, संपलेली. पैसा त्या ढिगात अडकलाय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. असे सहा जण एकत्र आले तर सहाही जण वाळूवरच बोलणार! हैदराबादचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज १९५६ साली निघालं ते सरकारी आणि खासगी अधिकारी एकाच वर्गात बसावेत म्हणून. आपल्या धंद्याबाहेरचा माणूस शेजारी बसल्याशिवाय आपली चूक दिसत नाही. त्यासाठी कोर्सच लागतो.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
ताई, ढिगाचं अगदी खरं. मीही महिनाअखेरीला टनातच बोलतो, रुपयांत नाही. पण कोर्समध्ये ताळेबंद शिकवला तो कुठल्या तरी परक्या कंपनीचा. माझ्या प्लँटचा समोर ठेवला असता तर पहिल्याच दिवशी डोळे उघडले असते. शिरगावकर, तुमची भीतीही रास्त आहे. दर आणि गिऱ्हाईक यावर बोलायचंच नाही, असं आधीच ठरवू. आणि एकाच गिऱ्हाइकाचे दोघं एका गटात नकोत. पंपवाला घेऊ, साखर कारखान्यातला चीफ इंजिनिअर घेऊ. पहिली बैठक आमच्या शॉपवर. ताई, माझे आकडे घेऊन बसाल?

राजारामपुरीची सीए
बसते. पण तुमच्या मालकांनाही बोलवा. कोर्सहून आल्यावर जे विचारायचं राहिलं, ते त्यांनी तिथं विचारावं.