उत्सर्जन मोजतात की वायू?

तळटीप: शिक्षकांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. मथळा केला होता, 'वातावरणातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे मापन'. तपासणाऱ्या बाईंनी 'उत्सर्जन'भोवती गोल काढून समासात लिहिलं, 'उत्सर्जन चिमणीच्या तोंडाशी होतं, वातावरणात असतो तो वायू.' ते पटलं आणि तेव्हापासून मथळा अडलाय. इंग्रजीत सोडण्याची क्रिया आणि सोडलेला वायू, दोन्हींना 'एमिशन' हा एकच शब्द चालतो. आपलं उत्सर्जन म्हणजे नुसती क्रिया ना?

केवडा: क्रियाच. आणि मुळात शब्दच चुकीच्या जागी बसलाय. शाळेत उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं. आमचे आजोबा श्रावणीला 'उत्सर्जन-उपाकर्म' म्हणायचे. तिथे उत्सर्जन म्हणजे वेदाध्ययन काही काळ सोडणं. धातू सृज्, त्याच्यापासूनच विसर्जन आणि निसर्गही. मी 'उत्सर्ग' सुचवेन.

जुनी पेटी: उत्सर्ग नको. व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, त्याच्यासमोर अपवाद. आणि '-न' आला की नुसती क्रिया, हेही खरं नाही. 'त्यांचं सगळं लेखन वाचलं' म्हणतो तेव्हा आपण क्रिया वाचतो का? दान देतो, भोजन वाढतो. तसंच उत्सर्जनही वस्तू होऊ शकतं. रोजच्या बातम्यांत ते केव्हाच झालंय.

खोलगड: तळटीपताई, त्या बाईंचा मुद्दा व्याकरणाचा नाहीच, मोजणीचा आहे. आमच्या गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षं बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासली जात होती. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा. हिवाळ्यात तोच वारा उलटतो आणि अख्ख्या देशावरचा धूर घेऊन येतो. कडा तोच, बाटली तशीच, आकडा मात्र बदलतो. त्या कड्यावर कोणी काही सोडलेलं नसतं. सिंहगडावरही पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने अशाच बाटल्या भरल्या आहेत. बाटलीत सापडतं ते 'प्रमाण'. कोणी किती सोडलं हे वाऱ्याचा माग उलटा काढून ठरवावं लागतं. हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर कीलिंग या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा कार्बन डायऑक्साइड ३१५ पीपीएमच्या (दहा लाखांत ३१५ भाग) आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. हेही प्रमाणच.

जुनी पेटी: प्रमाण फार ढगळ शब्द आहे. पुरावाही प्रमाण आणि प्रमाणभाषाही प्रमाण. रसायनशास्त्रात 'संहती' आहे, तो घ्या.

द्राक्षबाग: संहती आमच्या गावात कुणाला कळणार नाही. पीपीएम मात्र सगळ्यांना कळतो. जीएची, म्हणजे द्राक्षवाढीच्या संजीवकाची, फवारणी १० पीपीएमने करायची म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो. 'दशलक्षांश' वगैरे करत बसू नका.

खोलगड: पीपीएम ठेवाच. फक्त एक फरक पुस्तिकेत सांगा. तुमच्या टाकीत तो वजनाचा हिशेब असतो. हवेत तो रेणूंच्या संख्येचा, तोही हवेतली वाफ काढून टाकून. ४२० पीपीएम म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंत ४२० रेणू.

धुराडं: कारखान्यात वीस वर्षं काढली. चिमणीला भोक ठेवलेलं असतं, त्यातून नळी घालून नमुना काढतात, आतल्या हवेचा वेगही घेतात. प्रमाण गुणिले वेग गुणिले चिमणीचं क्षेत्रफळ केलं की ताशी किती किलो ते येतं. हेच उत्सर्जन, आणि ते मोजता येतं. आता तर उपग्रहांना मुंबई-दिल्लीच्या डम्पिंग ग्राउंडवरचा मिथेनही दिसतो.

खोलगड: दिसतो तो लोट. ताशी किती किलो हे सांगायला तिथेही वाऱ्याचा वेग घालावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा अंदाजाचा असतो. चिमणीत वेग मोजलेला असतो, आकाशात नाही. म्हणून उघड्यावरच्या उत्सर्जनाला 'मापन' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

केवडा: 'लोट' किती चांगला शब्द! धुराचा लोट, पाण्याचा लोट. असे शब्द असताना आपण संस्कृत कोश का उपसतो?

जुनी पेटी: वर उत्सर्ग तुम्हीच सुचवलात, केवडाताई.

तळटीप: माझा मथळा राहिलाच. खोलगड यांचं वाचून असा केला: 'हवेतल्या वायूंवरून उत्सर्जनाचा ताळा'. देश कोळसा किती जाळला, गुरं किती, यावरून वह्यांत उत्सर्जन मांडतात. हवा मोजली की तो हिशेब जुळतो का ते पाहता येतं. लहानपणी गुणाकार झाला की ताळा करून बघायचो, तोच ताळा.

खोलगड: ताळा फार नेमका आहे. फक्त वही आणि हवा जुळली नाहीत तर चूक वहीत असेलच असं नाही, वाऱ्याच्या हिशेबातही असू शकते. शाळेतल्या ताळ्यात असं होत नसे.

द्राक्षबाग: आणि 'हरितगृह' तसंच ठेवणार? आमच्याकडे पॉलिहाऊस म्हणतात, आणि त्याचा कागद पांढरा असतो. हरित म्हटलं की पोरांना वाटतं, हे वायू झाडांच्या भल्याचे.

केवडा: काचघर?

धुराडं: काचघर म्हटलं की आमच्याकडे दुकानातली शोकेस डोळ्यांपुढे येते.